पेटीवरची राख

नातीनं वाजवायच्या नव्या पेटीचं झाकान उघडलं, डांबरगोळ्यांचा वास आला अन् मला तसाच वास येनारी लहानपणची एक पेटी आठवली. बहात्तरच्या दुष्काळात मी दहा वर्साची हुते. सोनईत एका सायबाच्या घरी भांडी घासायची, त्यांनी दिलेल्या शिळ्या भाकरीवर घरचे चौघं जगायचे. सायबाची पोरगी माझ्याच वयाची. तिला रोज तासभर पेटी वाजवावी लागायची, चुकली की तिची आई छडीनं हानायची. मोरीपाशी बसून बघून बघून मलाबी ते पाठ झालं हुतं. एक दिवस पोरगी रडकुंडीला येऊन म्हनली, "थोडा वेळ तू वाजव ना. आई आत आहे, तिला काय कळतंय!" मी तशीच राखेच्या हातानं बसले. लई गोड वाजलं. तेवढ्यात आतून बांगड्या वाजल्या, मी उडी मारून मोरीपाशी गेले. पन काळ्या पट्ट्यांवर राखेची बोटं उमटली हुती. बाईसायबांनी आधी पेटी बघितली, मग माझे हात. "भांडी घासणारीला येतं, आणि तुला येत नाही?" म्हनत त्यांनी पोरीला छडी हानली, अन् मला म्हनल्या, "उद्यापासून येऊ नकोस." घरी भाकरीचं फडकं रिकामं बघून आईनं बडवलं, "वाजवून प्वाट भरतं व्हय गं, भवाने?" आता सून नातीला दटावती, "तासभर उठायचं नाही." नात म्हनती, "आजी, तू वाजव ना." मी पदराला हात पुसते, परत पुसते, पन पेटीला बोट लावत न्हाई.