शेवटच्या तारेचं नाव
सोल्डरच्या धुराचा वास आला की चाकणच्या त्या छोट्या कंपनीतली दुपार आठवते. मी सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या माझ्या पहिल्या सर्किटचा बोर्ड जोडून आला, पण चालेना. साहेब सोल्डरिंगवाल्या मावशींवर उखडले, "असलं काम करायचं असेल तर उद्यापासून येऊ नका." मावशी म्हणाल्या, "न्हाई साहेब, एकूण एक टाका तपासलाय मी." मला ते खरं वाटलं. बोर्ड का अडलाय ते सापडल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवून मी ड्रॉइंग उघडलं. आठ तारांची जुडी, जिला आम्ही 'बस' म्हणतो, ड्रॉइंगमध्ये एकच जाड रेघ म्हणून दोन चिपांमध्ये व्यवस्थित दिसत होती. पण सॉफ्टवेअर रेघ बघत नाही, तारेचं नाव बघतं. बोट ठेवून एकेक नाव वाचलं. तारा शून्यापासून मोजतात, म्हणून शेवटची आठवी तार सात नंबरची; तिला मीच एका टोकाला 'डी-७' आणि दुसऱ्या टोकाला 'डेटा-७' लिहिलं होतं, त्यामुळे ती जोडलीच गेली नव्हती. माझं प्रोबेशन संपत आलं होतं. तरी मी सगळ्यांसमोर जाऊन म्हणाले, "साहेब, चूक माझी आहे." ते काही बोलायच्या आत मावशींनी बोर्ड पुढे ओढला, "दाव पोरी, कुठं जोडायची तार?" त्यांनी तार जोडली आणि बोर्ड चालला. माझं प्रोबेशन तीन महिने वाढलं. आता माझ्या हाताखालच्यांचा बोर्ड अडला की मी आधी त्यांना ड्रॉइंगमधली नावं मोठ्याने वाचायला लावते.