बनुबाईची किळस

कुंडलच्या बनुबाईला कशाची किळस येत नाही, तेवढंच विचारावं. शेजारणीच्या ताकात माशी, जेवणावळीच्या वांग्यात अळी, जावयाच्या मिशीला कालवण. तिनं नाक मुरडावं, तोंड फिरवावं आणि ताटावरून उठावं. सून मयूरी घरात येऊन बारा वर्षं झाली, पण तिनं निवडलेली मेथी बनुबाईनं कधी तोंडात घातली नाही. भाजी स्वतःच निवडायची, काडी न् काडी उजेडात धरून.

पुढं नजरेच्या मधोमध डाग दिसायला लागला. गावानं निदान करून टाकलं, "मोतीबिंदू हाय. पिकू दे, मग काढू." आंबा आढीत घालावा तसा तिचा डोळा पिकत ठेवला. दोन वर्षं! असल्या शहाणपणाची शिसारी येते.

मग एके दिवशी तिनंच निवडलेल्या भाजीत अळी निघाली, तीही अर्धी. बनुबाई परसात जाऊन भडाभडा ओकली. दुसऱ्या दिवशी मुलानं तिला सांगलीला नेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, हा मोतीबिंदू नाही. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. गेलेली नजर परत येणार नाही, पण कडेची शाबूत आहे. नजर जरा बाजूला धरून बघायला शिका. पालेभाजी खात जा. रोज एकेक डोळा झाकून खिडकीचे गज बघा. नव्यानं वाकडे दिसले, तर लगेच या."

गज बघणं तिनं मुकाट सुरू केलं. पालेभाजीचं मात्र अडलं. स्वतःला निवडता येईना, दुसऱ्याच्या हातची घशाखाली उतरेना. ती चटणी-भाकरीवर राहिली. "डोळं गेलं तर जाऊ दे, अळी न्हाई खानार," म्हणायची. आता तिला स्वतःच्या डोळ्यांचीच किळस यायला लागली होती.

शेवटी मयूरीनं मेथी आणली, मिठाच्या पाण्यात धुतली, पान न् पान बघून निवडली आणि ताट पुढं ठेवलं. बनुबाईनं तोंड फिरवलं.

मयूरीचं डोकंच फिरलं. "आवं आत्ती, मानसाची किती किळस करायची? टाकू व्हय उकिरड्यावर?"

"वरडू नगंस. सरळ बघितलं तर तुज्या तोंडाच्या जागी नुसता डाग दिसतोय," बनुबाई भिंतीकडं तोंड ठेवूनच म्हणाली. "हां, आता दिसलीस. लय वाळलीस गं पोरी."

आणि तिनं चाचपत ताट जवळ ओढलं.