उजव्या हाताच्या वाती

गेल्या वर्षीच्या श्रावणातला दुसरा मंगळवार, सकाळचे अकरा. रक्कम पाचशे रुपये. हजर: माझी आई, मी, माझी बायको सुनीता, नागपूरहून आलेला माझा थोरला भाऊ आणि आईच्या थेरपिस्ट मॅडम. दादाने ते पाचशे मॅडमच्या हातावर ठेवले आणि म्हणाला, "आता येऊ नका."

भूत-प्रेत, अंगात येणं, यातलं काहीच मी कधी मानलं नाही. पांढरकवड्यात एका दुकानाचे हिशेब पाहतो. पेपरातल्या अशा सदरांतले अनुभव वाचताना मी चुका शोधत बसतो... तेव्हा माझ्या सांगण्यातही कोणाला चूक सापडली तर बरंच वाटेल.

होळीच्या सुमारास आईला लकवा मारला आणि उजवी बाजू गेली. दवाखान्यातून सुटताना डॉक्टर म्हणाले, ऑक्युपेशनल थेरपी करा. आम्हाला वाटलं, मालिश असेल. यवतमाळहून मॅडम आल्या, तर त्यांनी हाताला हातही लावला नाही. आधी विचारलं, "आजी दिवसभर काय करायच्या?"

मी म्हणालो, "काही नाही, घरीच असते."

आईने माझ्याकडे रोखून पाहिलं. जीभ जड झाली होती, तरी जोर लावून म्हणाली, "वा... ती."

खरं होतं. आई रोज मांडीवर कापसाच्या वाती वळायची. बोटांना गोवरीची राख लावून, उजव्या तळहाताने पुढे ढकलत. वर्षभर वळायची आणि नवरात्रात डबा भरून केळापूरच्या देवीला स्वतः नेऊन द्यायची. सुनीता डावखुरी. तिच्या वातीचा पीळ उलटा पडतो. त्यावरून आई तिला चिडवायची, "डावरे, तुह्या वाती पाहून देवी मले इचारन, ह्या कोन्या गावाहून आल्या म्हनून!"

मॅडम म्हणाल्या, "मग नवरात्रापर्यंत आजींनी स्वतः वळलेल्या वाती, हेच आपलं ठरलं." शेजारून गोवरीची राख मागवली. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून जाड केलं. पाण्याचा गिलास मुद्दाम उजवीकडे ठेवायला लावला. आणि एक गोष्ट बजावली: "त्यांना जमेल ते तुम्ही करून देऊ नका. वेळ लागू द्या, सांडू द्या. तुम्ही केलं की हात विसरतो."

बोलायला सोपं आहे. आई घास तोंडाशी नेईपर्यंत वरण गार व्हायचं, निम्मं पदरावर. सुनीता समोर हात बांधून बसायची, आणि तिच्या डोळ्यांत पाणी असायचं. भेटायला येणाऱ्या बाया बाहेर जाऊन बोलायच्या, "सासूले घासही भरवत नाही व माय!" पण आषाढ संपता संपता आई उजव्या हाताने जेवू लागली. आणि एके दिवशी एक वात वळली. वाकडी, मध्ये जाड, पण पीळ तिचाच. चिडवायची संधी तिने सोडली नाही. वात सुनीतासमोर धरून म्हणाली, "पाह्य, पीळ सरळ हाय."

दादा आला तो श्रावणातल्या त्या मंगळवारी. आई जेवत होती. पदरावर सांडलेलं त्याने पाहिलं.

"आईच्या तोंडात दोन घास घालता येत नाही तुमाले? कायले ठेवलं तिले इथं?"

मॅडम समजावू लागल्या. दादा म्हणाला, "बाई, तुमच्या घरी असन असं. आमच्यात मायची सेवा करतात."

मी म्हणालो, "दादा, नवरात्रापर्यंत थांब. ती वाती वळून राह्यली."

"सत्तरीच्या बाईले कामाले लावता? वाती दुकानात भेटतात."

मग त्याने मॅडमना पैसे दिले आणि आईला मांडीशी घेऊन भरवलं. माझ्याकडून त्याचा व्हिडिओ काढून घेतला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हात जोडले. आई तोंड उघडत होती, पण नजर खाली पडलेल्या चमच्यावर होती. दुसऱ्या दिवशी दादा नागपूरला गेला, भरवायला बाई लावून. बाईचा पगार तो देणार होता, म्हणून शब्दही त्याचाच चालला. राख फेकली गेली. दोन वेळा मी मॅडमना परत बोलवायचं म्हटलं. दोन्ही वेळा आईच मान हलवून नको म्हणाली. थोरल्याचं मन तिला मोडायचं नव्हतं.

भादव्यात हात मिटला. अशी मूठ वळली की नखं काढायला सुनीता तेल लावून एकेक बोट उलगडायची. चमचा तर सोडाच, रुमाल धरता येईना.

महालक्ष्म्यांच्या दिवशी मी सुनीताला म्हणालो, "वाती चांगल्या वळून राह्यली तू."

ती म्हणाली, "मी? मले वाटलं तुमी इकत आणता."

देवघरातला डबा भरलेला होता. तिने एक वात हातात घेतली आणि दाराच्या उजेडात धरली. पीळ तिच्या हाताचा नव्हता. बारीक, घट्ट, शेवटाला जरा निमुळत्या... आईच्या, पूर्वीसारख्या. चांगल्या हाताच्या.

मी ठरवून पाहिलं. भरवणारी बाई सुट्टीवर, सुनीता वणीला माहेरी. डबा रिकामा केला, त्यात घरचा सरकी काढलेला कापूस ठेवला, बाहेरच्या दाराला आतून कडी लावली आणि भर दुपारी आईच्या खाटेजवळ पेपर घेऊन बसलो. झोपलो नाही, हे शपथेवर सांगतो. आई झोपली होती. चहा ठेवायला उठलो तेव्हा डब्यात वाती होत्या.

परत आलो आणि आईची मूठ उलगडली. तळहाताच्या रेषांमध्ये राख होती. आमच्या घरी गॅस आहे. गोवरी नाही, चूल नाही.

मी त्याच संध्याकाळी मॅडमना फोन केला. त्या आल्या, हात तपासला, मनगट वाकवून पाहिलं. वात बराच वेळ बोटांत फिरवली. म्हणाल्या, "ही उजव्या हाताची आहे. पण या हाताची नाही. हा हात आता करू शकत नाही." मग हळूच, "श्रावणातला असता, तर मी मानलं असतं."

नवरात्रात दादा आला. डबा पाहिला, पीळ ओळखला. पोरगा तोही तिचाच. त्याचा चेहरा उजळला. "आईनं वळल्या? मंग पाह्य! थेरपी बंद केल्यावरच हात सुधारला ना? उगाच त्रास देऊन राह्यले होते तिले."

तो कापूस घेऊन आईजवळ बसला. "आई, कर बरं एक. मले दाखव."

त्याने तिच्या मुठीत कापूस खुपसला. बोटं हलली नाहीत. त्याने परत खुपसला. "कर ना, आई." तिने डावा हात उचलून त्याचा हात बाजूला केला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. दादा उठला. म्हणाला, "थकली असन." डबाभर वाती त्यानेच केळापूरला नेऊन दिल्या, आणि परतल्यावर सगळ्यांना सांगितलं की आई बरी होत आहे.

मार्गशीर्षात आई गेली. त्या दिवसापासून डब्यात ठेवलेला कापूस कापूसच आहे. कोण वळत होतं, राख कुठून येत होती, मला माहीत नाही. सुनीता म्हणते, हात विसरला होता, आई विसरली नव्हती. मला हे उत्तर वाटत नाही.

तेरवीला सेवेत कमी पडू नये म्हणून दादाने केटररला साठ हजार दिले. महालक्ष्म्यांनंतर झालेल्या मॅडमच्या शेवटच्या भेटीचे पाचशे मी दिले. त्या घेत नव्हत्या. मग घेतले, आणि वर उरलेल्यांतली एक वात मागून घेतली.