सरकारांचा परदेशातला दरबार

त्याला आम्ही ‘सरकार’ म्हणायचो, आणि त्याला ते आवडायचं. टोमणा कळायलासुद्धा थोडी अक्कल लागते.

आम्ही दोघं परदेशात एकाच कॉलेजात शिकायला आलो होतो आणि कॉलेजने आमची सोय एकाच कुटुंबात लावली होती. घर नवरा-बायकोचं. बाई इस्पितळात नर्स, नवरा बस चालवायचा. त्यांची मुलं मोठी होऊन दुसऱ्या गावी गेली होती, त्यांच्या खोल्या आम्हाला मिळाल्या. नियम साधे होते. आपली ताटली आपण धुवायची, अंघोळ झाली की न्हाणीघर पुसून बाहेर पडायचं, आपले कपडे आपण मशीनला लावायचे.

सरकारांनी आजवर घरात इकडची काडी तिकडे केली नव्हती. पहिल्याच जेवणानंतर ते ताटली तशीच ठेवून उठले. नर्सबाईंनी हाक मारून त्यांना परत बोलावलं, ताटली हातात दिली आणि घासणी दाखवली. त्यांनी ती घासणी दोन बोटांत धरली, मेलेला उंदीर शेपटीने धरावा तशी. तेव्हापासून रोज ते ताटलीला पाणी दाखवायचे. त्यांची पाठ वळली की बसवाले काका तीच ताटली काही न बोलता पुन्हा धुवायचे. इतका भला माणूस मी पाहिला नाही आणि इतका निगरगट्टही. दोघं एकाच घरात!

दर रविवारी सरकारांचा आईला फोन जायचा. भिंती पातळ, आवाज खणखणीत.

“अगं, काही त्रास नाही. घर मोठं आहे. कामाला एक जोडपं ठेवलंय. बाई सगळं करते, म्हातारा गाडी चालवतो.”

म्हातारा गाडी चालवायचा हे खरंच होतं. फक्त त्या गाडीत सरकारांसारखे आणखी साठजण उभे असायचे.

“हे काय सांगतोस घरी?” मी विचारलं.

“तुला काय करायचंय? ते काय इथे बघायला येणारेत?”

ते आले. वडिलांना पोराचा थाट बघायचा होता. सरकारांच्या तोंडचं पाणी पळालं, पण डोकं चाललं. बाई कामावर आणि काका बसवर असतील अशी दुपार त्यांनी नेमून दिली, आणि मला ‘तेवढं तोंड बंद ठेव’ म्हणून बजावलं.

आई-वडील येऊन टेकतात न टेकतात तोच दार उघडून नर्सबाई आत आल्या. कुणाशी तरी पाळी बदलून घेतली होती. पाहुणे येणार हे त्यांच्या कानावर गेलं होतं आणि मुलाचे आई-बाप भेटायचे राहू नयेत म्हणून बिचाऱ्या इस्पितळाच्या कपड्यांतच धावत आल्या होत्या. त्या कपड्यांनी घात केला.

काकांच्या खुर्चीत पाय पसरून बसलेले वडील लेकाला म्हणाले, “हीच का बाई? पाणी आणायला सांग.”

‘बाबांना तहान लागलीय,’ एवढंच लेकाने बाईंना त्यांच्या भाषेत सांगितलं, आणि नर्सबाईंनी हसत हसत पाणी आणलं. आईने पिशवीतून एक वापरलेला स्वेटर काढून त्यांच्या हातात ठेवला. “घे हो बाई, अजून चांगला आहे.” नर्सबाईंना वाटलं, एवढ्या लांबून आपल्यासाठी भेट आणली. त्यांनी तो लगेच अंगात घातला आणि आईचे दोन्ही हात हातात घेतले.

एवढ्यात वडिलांनी खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं. “ही धूळ बघ. बाई कामचुकार दिसतेय.”

“काय म्हणतात तुझे बाबा?” नर्सबाईंनी त्यांच्या भाषेत विचारलं.

“घर फार सुंदर ठेवलंय म्हणतात.”

बाई खुलल्या. “सांग त्यांना, ही कपाटं आम्ही दोघांनी मिळून बनवली. मुलं इथेच वाढली. आणि तू आता आमच्या घरचाच आहेस, म्हणूनच भांड्यांवरून रागावते म्हणावं.”

सरकारांनी घसा खाकरला आणि आईकडे वळून म्हणाले, “ती म्हणते, साहेबांची सेवा करायला मिळते हे आमचं भाग्य.”

मला हसू आवरेना. आई माझ्याकडे वळल्या. “का गं हसलीस?”

“काकू, त्या असं बोलल्याच नाहीत.” आणि मी बाईंचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. घर कुणाचं, म्हातारा कसली गाडी चालवतो, तेही सांगून टाकलं. मग नर्सबाईंना त्यांच्या भाषेत धुळीचं आणि सेवेचं सांगितलं.

वडील तांबडेलाल झाले, पण लेकावर नाही. “नोकरासारखं वागवतात तर पोराला! चल, उठ इथून.” पोरगा खोटं बोलला हे त्यांच्या गावीही नव्हतं. हा थाट कुठून आला, ते मला त्या क्षणी कळलं.

आई मात्र उठल्या नाहीत. खाली मान घालून बसल्या होत्या. मग मला म्हणाल्या, “त्यांना विचार, हा भांडी नीट घासतो का?”

नर्सबाईंनी सरकारांकडे पाहिलं. “अजिबात नाही.”

“मला वाटलंच,” आई म्हणाल्या. “तो स्वेटर परत द्या म्हणावं. मला माहीत नव्हतं. लाज वाटते.”

नर्सबाईंनी स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावली. “नको. ऊब आहे चांगली.”

पुढच्याच आठवड्यात सरकार होस्टेलवर गेले. कॉलेजभर सांगत सुटले की ते कुटुंब विद्यार्थ्यांना राबवून घेतं, आणि ऐकणाऱ्यांनी मानाही डोलावल्या. होस्टेलवर त्यांना एक भिडस्त खोलीसोबती मिळाला. तो दोघांचे कप धुवायचा.

आता ते मायदेशी मोठ्या हुद्द्यावर आहेत. परदेशी निघालेल्या मुलांसमोर भाषणं देतात. विषय ठरलेला असतो, ‘परदेशाने मला स्वावलंबन शिकवलं’. टाळ्या भरपूर पडतात म्हणे. भाषण संपलं की पाण्याचा रिकामा पेला तिथेच ठेवून खाली उतरतात.