गोळीचं उद्यापन

बाजारहत्नूरकडच्या माझ्या बहिणीच्या गावात मला देव न मानणारा मास्तर म्हणून ओळखतात. सत्यनारायणाला गेलो की बायका मुद्दाम पहिला द्रोण माझ्या हातात देतात आणि मी खातो का ते बघत उभ्या राहतात. मी खातो. शिऱ्याशी माझं काय भांडण असणार? आदिलाबादच्या एका मराठी शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवून मी निवृत्त झालो. आपण कधी कुठल्या बुवापुढे वाकलो नाही, याचा मला चांगलाच माज होता. तो कसा उतरला ते लिहितो आहे, कारण इतकी वर्षं झाली तरी माझा राग शांत होत नाही.

भाची सोळा वर्षांची होती तेव्हा कापूस वेचताना तिला पहिल्यांदा फिट आली. सोबतच्या बायकांनी नाकाला चप्पल लावली. मेहुण्यांनी तिला नेरडीगोंड्याच्या पुढे, हायवेला लागून मठ थाटलेल्या एका बाबाकडे नेलं. त्याने मिरच्यांची धुरी दिली, दंडाला काळा दोरा बांधला आणि बाहेरची बाधा आहे म्हणून सांगितलं. माझ्या कानावर आलं तोवर दोन महिने गेले होते. मी तडक गेलो आणि अंगणात उभं राहून एकेकाची हजेरी घेतली. शेजारपाजारचे गोळा झाले तसा माझा आवाज आणखी चढला. मग पोरीला आणि बहिणीला घेऊन आदिलाबादच्या डॉक्टरकडे आलो. तपासण्या झाल्या, सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी सुरू झाली. पोरीला बाहेर बसवून, गोळी मनाने बंद करायची नाही, हे डॉक्टरांनी मला तेलुगूत आणि बहिणीसाठी पुन्हा हिंदीत सांगितलं.

पंधरा दिवसांत बहिणीने गोळी बंद केली. पोर झोपाळू होते, आणि रोजची गोळी दिसली की लोक विचारतात, हे तिचं कारण. पुन्हा फिट आली, मी पुन्हा गेलो. पोर आत झोपलेली असताना ओसरीवर खडूने मेंदू काढला, त्यातले विजेचे झटके समजावले. बहिणीने सगळं ऐकून घेतलं आणि चहा ठेवू का म्हणून विचारलं.

तेव्हा मला ती अक्कल सुचली, जिच्यासाठी आज स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. माझी बहीण उपासतापासाला भलती पक्की. तिला मी सांगितलं, एका जाणकाराने व्रत सांगितलंय. सकाळ-संध्याकाळ देवीपुढे दिवा लावायचा, गोळी दिव्यापाशी ठेवायची आणि प्रसाद म्हणून पोरीला द्यायची. एकही दिवस चुकवायचा नाही. किती दिवसांचं, तिने विचारलं. दोन वर्षांचं, असं माझ्या तोंडून निघून गेलं, कारण दोन वर्षांनी पुन्हा तपासून ठरवू, असं डॉक्टर म्हणाले होते.

तिने एक दिवस चुकवला नाही. तापाने फणफणलेली असतानाही उठून दिवा लावला. फिट थांबली. गुडीहत्नूरच्या एका टपरीवर मी जुन्या सहकाऱ्यांना हा किस्सा रंगवून सांगायचो. श्रद्धेला विज्ञानाच्या कामाला जुंपलं, असं माझं ठरलेलं वाक्य होतं. ते हसायचे आणि मी आणखी एक चहा मागवायचो.

दोन वर्षं झाली तशी बहिणीने उद्यापन केलं. पाच सवाष्णी जेवल्या, मलाही बोलावणं होतं. मी गेलो, पुरणपोळीवर तूप मागून घेतलं आणि दोन पोळ्या खाल्ल्या. उद्यापन केलं की व्रत संपतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी इथे गोळीचंही उद्यापन होतंय, हे या मास्तराच्या डोक्यात एकदाही आलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी भाची चुलीपुढे ज्वारीच्या भाकरी करत होती. फिट आली आणि तिचा उजवा हात चुलीत गेला. बहीण गोठ्यातून धावत येईपर्यंत तो तिथेच होता.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मी बहिणीवर ओरडलो, गोळी बंद करायला तुला कुणी सांगितलं म्हणून. ती रडत नव्हती. सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमीच सांगतलं होतं दोन वर्षं. मी एक दिवस नाही चुकवला, दादा. उद्यापन झाल्यावर प्रसाद कायचा देऊ?"

बाबाला शिव्या द्याव्यात तर या खेपेला तो कुठेच नव्हता. त्याचा स्वतःच्या धुरीवर निदान विश्वास तरी असेल. माझं व्रत खोटं आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. वर्गात एखाद्याला दोनदा सांगून समजलं नाही तर मी तिसऱ्यांदा सांगायचो, चौथ्यांदा सांगायचो. परक्यांच्या पोरांसाठी जो धीर होता तो सख्ख्या बहिणीसाठी नव्हता. तिला समजणारच नाही असं मी ठरवून टाकलं आणि वर त्याला हुशारी म्हणत राहिलो.

भाचीशी तर कुणी बोललंच नव्हतं. आपल्याला काय झालंय हे त्या पोरीला दोन वर्षं माहीत नव्हतं. ती तेलुगू माध्यमातून इंटर, म्हणजे अकरावी-बारावी, करत होती, गोळीच्या पाकिटावरचं नाव वाचून तिने शोधून काढलं असतं. पण देवापुढे पाकीट ठेवत नाहीत, म्हणून बहीण गोळी काढून वाटीत ठेवायची. बँडेजमधला हात उशीवर ठेवून भाची मला म्हणाली, "मामा, तुमी साऱ्या पोराइले समजावून सांगत होते. मले काऊन नाही सांगतलं?"

मग मी तिच्या खाटेशेजारी बसून सगळं सांगितलं. अर्धा तास लागला. फक्त अर्धा तास.

आता ती आपली गोळी आपण घेते. संध्याकाळी दिवाही लावते, तिला तो आवडतो, आणि मी त्यावर अक्षर बोलत नाही. गोळ्यांची डबी मात्र दिव्यापासून लांब, तिच्या पुस्तकांपाशी असते. उजव्या हाताची दोन बोटं पुरती मिटत नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात तिला बघायला पाहुणे आले. बहिणीने आदल्या दिवशी फोन करून मला गळ घातली होती, आजाराचं काही काढू नका, हाताचं विचारलं तर भाकरी करताना तवा लागला म्हणू. पाहुण्यांनी हाताचं विचारलंच, आणि बहीण तव्याचं म्हणाली. भाचीने चहाचा ट्रे खाली ठेवला.

"मले फिट येते," ती म्हणाली. "तवाच हात चुलीत गेला. गोळी चालू हाय माही, अन् चालूच राहीन."

पाहुणे अर्धे कप तसेच ठेवून उठले. मेहुणे त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेले. बहीण आत जाऊन रडायला लागली. भाची एकेक कप उचलत माझ्यापाशी आली आणि क्षणभर थांबली. मी मान खाली घातली. आदल्या दिवशी फोनवर मी बहिणीला 'बरं' म्हणालो होतो.