साहेबाची मिठी

ओमानमध्ये सोहारच्या कॅम्पवर असताना मी आमच्या स्पॅनिश साहेबाकडून चार-दोन स्पॅनिश वाक्यं शिकलो होतो आणि दर जेवणाला सगळ्यांच्या ताटात ती आग्रहाने वाढत होतो. त्या भाषेत माणूस जाड नसतो, ‘जरा भक्कम’ असतो. म्हातारा नसतो, ‘मोठा’ असतो. कामावरून काढला, तर ‘त्याच्यावाचून भागवायचं ठरलं’. आणि मेला? ‘से नोस फ्वे’, म्हणजे आपल्यातून गेला. मी म्हणायचो, काय सभ्य लोक! जणू आपण सगळं तोंडावर बोलतो.

एका दुपारी ऑफिसात फोन आला. माझ्या खोलीत राहणाऱ्या रत्नागिरीकडच्या इलेक्ट्रिशियनचा थोरला भाऊ बोलत होता. “अब्बा गेले. पण त्याला तसा सांगू नका. सीरियस आहेत, ये, एवढाच सांगा.” आखातात ही रीतच होती. एकट्याने विमानातून यायचं, वाटेत कोण सावरणार? म्हणून गावाकडे वारलेली माणसं, आपला माणूस घरी पोचेपर्यंत इकडे सीरियसच असायची.

मी त्याला तसंच सांगितलं. पासपोर्ट साहेबाच्या कपाटात, तेव्हा दोघं केबिनमध्ये गेलो. लगेच रजा हवी, तर साहेबाला खरं सांगणं भाग होतं. इथे माझी अक्कल पाजळली: स्पॅनिशमध्ये सांगू, याला काय कळतंय! चेहरा बेफिकीर ठेवून म्हणालो, “याचे वडील, से नोस फ्वे.”

साहेबाने टोपी काढली. टेबलाला वळसा घालून आला आणि त्याला घट्ट मिठी मारली, पाठ थोपटत राहिला. शब्द तेवढे मी शिकलो होतो. ते ऐकल्यावर त्यांच्यात काय करतात, हे विचारायचं राहिलं होतं. आजारी बापासाठी कुणी टोपी काढत नाही.

मिठीतूनच इलेक्ट्रिशियनने माझ्याकडे पाहिलं. “काय झाला ता खरा सांग.”

“अरे, जरा सीरियस...”

त्याने साहेबाचे हात हळूच सोडवले. मग म्हणाला, “घरी फोन लाव.”

फोन लागल्यावर तो भावाला म्हणाला, “हां भाई, समजला. सीरियस आहेत ना? येतो मी. नाय रे, रडत कुठे, सर्दी झालीय. तू घाबरू नको. डॉक्टर बघतील काय ता.”

रिसीव्हर ठेवून तो खुर्चीत बसला.

“मला खरा कळलाय, ता भाईला सांगू नको,” तो म्हणाला. “बिचारा किती जपून बोलत होता.”