मायसाठी रडलं कोण?

बोंडअळीनं कापूस पोखरला त्या वर्षीची गोष्ट. महागावकडच्या आमच्या वावरात माय उरलासुरला कापूस वेचत होती. मागून एक कावळा आला, तिच्या डोक्यावर टेकला अन् उडून गेला. बस्स, एवढंच! पण माय ओटीतला कापूस तिथंच टाकून घरी आली. आपण आता मरणार, हे तिनं धरूनच टाकलं.

आमच्याकडे यावर उतारा ठरलेला. बाईच्या डोक्यावर कावळा बसला, की ती मेल्याची खोटी खबर तिच्या माहेरी धाडायची. माहेरचे ऊर बडवून रडले की अपशकुन फिटतो. मग दुसऱ्या दिवशी खरं सांगायचं. ते आधी शिव्या घालतात, मग साखर वाटतात. हसा खुशाल. मीही हसायचो. पण त्या दिवशी मायचं तोंड पाह्यलं अन् मी हसलो नाही.

पहिले ही खबर उमरखेडच्या यष्टीत बसणाऱ्या कोणाच्या तरी हाती जायची. दादाच्या हातात मात्र फोन. "यष्टी कायले पाह्यजे? ग्रुप आहे ना," म्हणाला अन् लागला कामाला. मायचा फोटो, त्याला हार, बाजूला दोन दिवे, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. फोटो मायनंच निवडून दिला, त्यात बरी दिसते म्हणून. मामाकडच्या ग्रुपवर तो टाकून दादा मोकळा झाला.

लगेच जोडलेले हात येऊ लागले, एकाखाली एक. त्यात मामाचेही आले.

माय चुलीपुढं बसली होती. "कोन रडलं?" तिनं विचारलं.

"सारेच. हे पाह्य, मामानं हात जोडले."

"हात जोडले. रडला काय थो? फोन आला काय त्याचा?"

फोन आला नव्हता. कोणाचाच नाही. त्या रात्री माय जेवली नाही. सकाळी दादानं 'आई सुखरूप आहे' असं टाकलं, तर त्याच्याखालीही तेच जोडलेले हात! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मायचं मात्र एकच चाललं होतं, "रडलंच नाई कोनी, त फिटन कसं?"

शेवटी मी तिला घेऊन उमरखेडची यष्टी धरली. मामा ओट्यावर फोन पाहत बसला होता. "ये बाई! अशी अचानक?" म्हणाला. मायच्या पाठचा एकुलता भाऊ, अंगाखांद्यावर खेळवलेला.

"मी मेली होती ना रे," माय म्हणाली. "तुले खबर नाई भेटली?"

मामानं फोन चाळला अन् त्याचा चेहराच उतरला. "अरे देवा, हे तू होती काय! बाई, रोज कोनाचा ना कोनाचा हारवाला फोटो येते वो. आज या गावचा, उद्या त्या गावचा. सारे आपल्यासारखेच कास्तकार. किती पाहावं मानसानं? मी आता उघडतच नाई. हात जोडतो अन् पुढं जातो."

खोटं तो बोलत नव्हता. आमच्या गावच्या ग्रुपवरही तेच चाललं होतं. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं, तर माय म्हणाली, "राहू दे आता. जित्या मानसापुढं रडून फिटत नसते."

मग ती त्याच्याच पायरीवर बसली. पदर तोंडावर ओढला अन् गळा काढला, "गेली वो माही बाई! माही पाठराखीण गेली वो!" जे मामानं म्हणायचं होतं, ते तीच म्हणत होती. मी तिचा हात धरला, तर तिनं झटकून टाकला.

शेजारच्या बाया हातातलं काम टाकून धावत आल्या. "कोन गेलं वो? कोन गेलं?"

मामानं मान खाली घातली. मी मायकडे बोट दाखवलं.